पिनबॉलच्या फळीला पॉलिश मारू नका

सहकारनगरच्या एका गृहस्थांनी विचारलंय. त्यांच्याकडे मामांकडून आलेलं गॉटलिब कंपनीचं १९७० च्या दशकातलं पिनबॉल मशीन आहे. रिले आणि कॉइलवर चालणारं, गुणांची चाकं खडखडत फिरणारं, आत एकही इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसलेलं. मशीन चालू आहे. प्लेफील्डवरची, म्हणजे बॉल जिच्यावर फिरतो त्या फळीवरची, चित्रं बरीचशी शाबूत आहेत, पण बॉलला उडवून लावणाऱ्या बंपरांभोवती आणि खालून त्याला परत वर मारणाऱ्या फ्लिपरांच्या पुढे काळ्या गोलगोल रेषा उमटल्यात आणि दोन ठिकाणी रुपयाएवढं लाकूड उघडं पडलंय. घरी फर्निचरचं काम करणारा कारागीर म्हणतो, "वरून मेलामाइन मारून देतो, काचेसारखं दिसेल." मुलगा म्हणतो, पारदर्शक फिल्म चिकटवून टाकू. स्वतः गृहस्थांना वाटतंय की कॅरमवर टाकतो तशी चिमूटभर बोरिक पावडर टाकली तर बॉल घासणार नाही. तिघांपैकी कोणाचं ऐकावं?

कोणाचंच नको. या आठवड्यात मशीनमधला बॉल बदला, प्लेफील्ड कोरडं झाडून घ्या आणि मशीन बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. बाकी सगळं सावकाश करता येईल. या तीन गोष्टींनी जेवढं वाचेल तेवढं कुठल्याही पॉलिशनं वाचणार नाही. आता का, ते सविस्तर सांगतो.

आधी ही फळी म्हणजे काय ते बघा. प्लेफील्ड हे साधारण अर्ध्या इंचाचं प्लायवूड, वरचा पापुद्रा मेपलचा. त्यावर एकेक रंग स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेला आणि त्यावर लॅकरचा पातळ थर. बस. तुमच्या मशीनच्या काळात कारखान्यांना हे मशीन पन्नास वर्षं टिकवायचं नव्हतंच. बारमध्ये, कॅफेत दोन-तीन वर्षं नाणी गोळा करायची आणि मग नवीन मॉडेल आणायचं, असा तो धंदा होता. विल्यम्स-बॅली या दुसऱ्या पिनबॉल कंपनीनं 'डायमंडप्लेट' नावाचा कठीण पॉलियुरेथेनचा थर आणला तो १९९० च्या सुमारास. व्हिडिओत जे लोक प्लेफील्ड रगडून रगडून चमकवताना दिसतात, त्यातली बरीचशी मशीनं त्या नंतरच्या काळातली असतात. ते बघून तुमच्या गॉटलिबवर हात चालवलात तर लॅकर जाईल, त्याच्यामागोमाग चित्र जाईल. म्हणून कुठलाही सल्ला ऐकताना पहिला प्रश्न विचारायचा: हे कुठल्या सालच्या मशीनबद्दल बोलताहेत?

आणि ही फळी झिजते कशानं? लोकांना वाटतं बॉलच्या वजनानं. बॉल २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅमचा पोलादी गोळा. गुळगुळीत असेल, फळी स्वच्छ असेल, तर तो घरंगळत जातो आणि लॅकरला फारसं काही होत नाही. पण मध्ये बारीक कच आली की तोच बॉल पाट्यावरचा वरवंटा होतो. पुण्यात कच कमी आहे का? शेजारी बांधकाम, समोर रस्ता खणलेला, खिडकी उघडी. शिवाय मशीन स्वतःची घाण स्वतः तयार करतं. कॉइलमध्ये प्लंजर, म्हणजे आतला लोखंडी दांडा, मागेपुढे होऊन धातूची काळी भुकटी पडते, रबराचा चुरा पडतो. लॅकरला वयानं सूक्ष्म भेगा पडलेल्या असतात. बॉल ती भुकटी त्या भेगांत दाबून बसवतो. तुमच्या बंपरांभोवतीच्या काळ्या गोल रेषा म्हणजे हेच. ती वर बसलेली धूळ नाही, आत गेलेली आहे.

फ्लिपरांच्या पुढची झीज मात्र वेगळी. १९४७ साली गॉटलिबनंच 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर पहिल्यांदा फ्लिपर बसवले. त्याआधी बॉल फक्त उतारानं खाली येत होता, आपल्याकडच्या खिळ्यांच्या बॅगाटेलसारखा. फ्लिपर आल्यावर तो खालून वर भिरकावला जाऊ लागला, आणि निघताना पहिले काही इंच तो घरंगळत नाही, घसरतो. घसरणीत घासलं जातं. म्हणून जुन्या मशीनवर फ्लिपरच्या टोकापासून निघणारा झिजेचा पंखा दिसतोच. पण तुमच्या दोन्ही फ्लिपरांची खालची बाजू एकदा तपासा. फ्लिपरचा दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजलं की फ्लिपर खाली बसतो आणि फळीवर कंसाच्या आकाराचा ओरखडा काढत राहतो. खालून जाडसर व्हिजिटिंग कार्ड सहज सरकलं पाहिजे. सरकत नसेल तर आधी ते दुरुस्त करा.

आता बॉल. मला कोणी एकच गोष्ट करायची परवानगी दिली तर मी बॉल बदलेन. जुना बॉल हातात घेऊन ट्यूबलाइटखाली फिरवा. ट्यूबची रेघ त्यात सलग दिसायला हवी. तुटक दिसली, ठिपके दिसले, गंजाचा डाग दिसला, तर तो बॉल नाही, पॉलिशपेपर आहे. दुसरी परीक्षा कापसाची: कापसाचा बोळा बॉलवर हलके फिरवायचा, धागे अडकले तर बॉल बाद. मशीनबरोबर आलेला मूळ बॉल म्हणून लोक जपून तोच वापरतात. जपायचा तर डबीत जपा, फळीवर नको.

नवा बॉल पिनबॉलचे सुटे भाग विकणाऱ्यांकडून मागवलेला उत्तम. अडलंच तर बेअरिंगवाल्याकडे एक इंच अर्ध्या सुताचा गोळा मागा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे नाना पेठेतल्या जुन्या दुकानदारांना सांगावं लागत नाही. पंचवीस मिलिमीटरचा किंवा अठ्ठावीसचा 'चालून जाईल' म्हणून गळ्यात मारला तर घेऊ नका, स्विच आणि गल्ल्या त्या मापाला बसत नाहीत. गोळा नवाच हवा, आरशासारखा हवा. भंगारातली बेअरिंग फोडून काढलेला गोळा कितीही चमकत असला तरी नको. बेअरिंगचं पोलाद चुंबकत्व लवकर धरतं, तेवढं लक्षात ठेवून दोन-तीन महिन्यांनी टाचणी लावून बघत जा.

बॉल खराब होतो कशानं, हेही बघायला हवं, नाहीतर नवाही तसाच होईल. खांबांवरची रबरं कडक होऊन तडकतात, मग बॉल थेट धातूवर आपटतो, त्याला टोचा पडतो आणि तोच टोचा पुढचे शेकडो डाव फळीवर रेघा ओढत राहतो. म्हणजे रबर बदलणं हेसुद्धा प्लेफील्डचंच काम. पांढरी रबरं घ्या. काळी जास्त टिकतात, पण त्यांचा काळा चुरा फिकट रंगांवर दिसतो आणि बोचतो.

साफसफाईकडे येतो. पाणी नाही. दिवाळीच्या साफसफाईत कोणी प्रेमानं ओल्या फडक्यानं प्लेफील्ड पुसलं की मला नोव्हेंबरात फोन येतो. भेगांतून पाणी मेपलच्या पापुद्र्यात शिरतं, रेषा फुगतात आणि वरचा रंग उचलला जातो. काच पुसायचा निळा स्प्रेही शेवटी पाणीच. तो काचेवरच मारा, तोही काच बाहेर काढून.

काच काढताना मात्र सांभाळा. नाण्याच्या दारातून आतली कळ दाबून पुढची धातूची पट्टी काढली की काच सरकत बाहेर येते. ही टफन्ड काच आहे. मधे जोर सहन करते, पण कडेला टाइलचा कोपरा लागला तर क्षणात तिचे मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात. आपल्या घरांत सगळीकडे टाइल. म्हणून आधी सतरंजी पसरा, मग काच काढा. एका सोसायटीत मी स्वतः ही काच भिंतीला टेकवून ठेवली आणि ती एक इंच घसरली. तुकडे दोन वर्षं सापडत होते.

मशीनची पिन भिंतीतून काढा. बॉल बाहेर काढून खिशात ठेवा, कारण फळी उचलताना आत विसरलेला बॉल मागे गडगडत जाऊन आपटतो. मोबाइलवर भरपूर फोटो काढा, रबराखालचे, प्लॅस्टिकखालचे. मग रबरं आणि वरची छापील प्लॅस्टिकं उतरवा. स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत. आता मऊ रंगाचा ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनर. फडकं अजून नाही. कोरडी कच असताना फडकं फिरवणं म्हणजे हातानं पॉलिशपेपर मारणं. ब्रशनं धूळ उडवायची, व्हॅक्यूमनं ओढायची, कोपरे, भोकांच्या कडा, बंपरांच्या पोटाखाली. या एका पायरीला अर्धा दिवस गेला तरी चालेल.

मग पांढरं पेट्रोल, म्हणजे ड्रायक्लीनिंगवाले वापरतात ते, किंवा सिगारेट लायटरमध्ये भरायचं छोट्या डब्यातलं द्रव. दोन्ही नॅप्थाच. सुटं घेतलं तर आधी पांढऱ्या कागदावर थेंब टाकून उडू द्या; तेलकट डाग राहिला तर ते वापरू नका. प्लेफील्डच्या खालच्या टोकाला सूचना-कार्डं असलेली धातूची पट्टी असते, तिला एप्रन म्हणतात. ती काढून तिच्याखालच्या रंगावर कानकोरणीच्या कापसानं परीक्षा घ्या. कापसाला लाल-पिवळा रंग लागला तर थांबा आणि कोरड्या ब्रशवर समाधान माना. नुसता तपकिरी मळ आला तर मायक्रोफायबरचा तुकडा ओलसर करून, टिपकागद वापरतो तसं हलक्या हातानं, वितीवितीनं पुढे जा. तुकडा सारखा बदला.

नॅप्थ्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, कॅबिनेटच्या पोटात साठते, आणि तुमच्या मशीनच्या पोटात रिलेचे उघडे संपर्क आहेत, ते प्रत्येक गुणाला ठिणगी देतात. म्हणून खिडक्या उघड्या, पंखा खोलीबाहेरून हवा ओढेल असा, देवघरातला दिवा-उदबत्ती शांत. आणि काम झाल्यावर काच न लावता मशीन रात्रभर तसंच. पिन दुसऱ्या दिवशी.

लॅकर थिनरचं नाव काढू नका. ते मळाला नाही, लॅकरलाच विरघळवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पांढरा मेलामाइन स्पंज ही जोडी सध्या फार लोकप्रिय आहे, काळ्या रेषा जातात हे खरं. जातात कारण लॅकरचा वरचा थरच निघतो. नंतरच्या काळातल्या कठीण थरावर ते एकदा चालून जातं. तुमच्याकडे मुळात थर केवढा आहे? मी स्वतः आता काळ्या रेषा राहू देतो. पन्नास वर्षांच्या माणसाच्या कपाळावर आठ्या असायच्याच.

नोव्हससारखं बारीक प्लॅस्टिक पॉलिश जिथे लॅकर अखंड आहे, तिथे एकदा, हलकं, चालेल. भेगाळलेल्या भागावर नको. भेगांत त्याची पांढरी पूड अडकते आणि मग काळ्या रेषांच्या जागी पांढऱ्या रेषा घेऊन बसाल.

आता मेण, म्हणजे कार्नौबा वॅक्स. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या जातीच्या पानांवरचं हे मेण, नैसर्गिक मेणांत सगळ्यांत कठीण, ऐंशी अंश सेल्सिअसच्या वर वितळणारं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात डबीत घट्ट मिळतं. डबी उलटीपालटी करून वाचा. 'क्लीनर' लिहिलंय, म्हणजे त्यात घासणारी पूड आहे. 'सिलिकॉन' लिहिलंय, तर खाली ठेवा. सिलिकॉन भेगांतून लाकडात शिरतं आणि उद्या तिथे रंगाचा ठिपका लावायचा म्हटलं तर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डब्ल्यूडी-४० सारखे फवारे तर प्लेफील्डच्या आसपासही नकोत, तेलकट थरावर सगळी धूळ चिकटते.

मेण लावायचं ते किती? पुरणपोळीवर तूप घेतो तसं नाही. उपासाला बटाट्याच्या काचऱ्या करताना तव्याला नुसता तेलाचा हात लावतो, तेवढं. मऊ कापडाच्या बोटानं पातळ लावा, धुरकट होऊ द्या, स्वच्छ कापडानं पुसून काढा. दुसऱ्या दिवशी आणखी एक हात. मेण म्हणजे चिलखत नव्हे, बॉलच्या धक्क्यापासून ते वाचवणार नाही. त्याचं काम एवढंच की बॉल अडखळत नाही आणि मळ भेगेत शिरायच्या आधी मेणावर थांबतो. पुढच्या वेळी मेणाबरोबर तो पुसून निघतो. घरचं मशीन असेल तर मी साधारण तीन-चार महिन्यांनी मेण करतो. गणपतीत घरी पाहुण्यांची रीघ लागते आणि दहा दिवसांत वर्षाचे डाव खेळले जातात, म्हणून एक खेप हरितालिकेच्या आधी ठरलेली.

बोरिक पावडरीचं उत्तर आता सोपं होईल. कॅरमवर सोंगटी चपटी असते, पावडरीवर ती तरंगत जाते, आणि पावडर शेवटी झटकून टाकतो. इथे बॉल पावडर चेचत जाणार, उरलेली भोकांतून खाली स्विचच्या संपर्कांवर पडणार. मग आठवडाभर 'दहा गुणांचा बंपर वाजतो पण गुण देत नाही' हे शोधत बसा.

मेलामाइनवाल्याला मी दोष देत नाही, त्याला टेबलं चकाचक करायची सवय. मीही हे केलंय. १९८८ च्या आसपास, डोक्यात रग होती, माझ्याच एका मशीनची फळी पूर्ण उघडून मेलामाइनचा फवारा मारून घेतला. पहिली दोन मिनिटं इतकं सुंदर दिसलं की कारागिराला चहा सांगितला. चहा यायच्या आत लाल रंग पिवळ्यात उतरायला लागला, ओल्या कपड्यावर कुंकू सांडावं तसा. त्या पॉलिशमधल्या द्रावकानं जुनं लॅकर आणि शाई दोन्ही सैल केली होती. ती फळी अजून माझ्या माळ्यावर आहे. हौशी पोरं शिकायला येतात त्यांना आधी ती दाखवतो.

मग परदेशात लोक क्लिअरकोट करतात, म्हणजे फळीवर कडक पारदर्शक थर फवारतात, ते? करतात, आणि चांगलं करतात. ते गाड्यांना मारतात ते दोन भागांचं युरेथेन असतं. त्यासाठी फळीवरचं आणि फळीखालचं सगळं उतरवावं लागतं: शेकडो तारा, प्रत्येक दिव्याचं होल्डर, प्रत्येक कॉइल. जुनं मेण कणभरही राहता कामा नये. थरांमध्ये घासकाम, नंतर काही आठवडे पूर्ण कडक व्हायला ठेवायचं, नाहीतर खांब आवळल्यावर थर त्यांच्याभोवती दबून गोळा होतो. आणि त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट फुप्फुसात गेले तर दमा कायमचा मागे लागू शकतो. साधा कापडी मास्क त्याला काही करत नाही. गाडी रंगवायच्या बूथमध्ये, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा घालूनच ते करायचं. चित्राचे पापुद्रे निघत असतील, निम्मं लाकूड उघडं असेल, तर हा खटाटोप योग्य. तुमच्या फळीला त्याची गरज नाही. ब्रशनं मारायचं घरगुती पॉलियुरेथेन हा मधला मार्ग वाटतो, पण ते वर्षागणिक पिवळं पडत जातं आणि काढताना सगळं घेऊन जातं.

मुलाच्या फिल्मबद्दल. कल्पना वाईट नाही, कारखान्यांनीच ती वापरली. मायलार ही पॉलिस्टरची फिल्म, बंपरांभोवती तिची वर्तुळं आणि पुढेपुढे अख्ख्या फळीवर चादर लावलेली मशीनं आली. अडचण काढताना येते. जुन्या भेगाळलेल्या शाईवर फिल्मचा गोंद असा धरतो की शाईची लाकडाशी असलेली पकड त्यापुढे कच्ची ठरते. फिल्म निघते, चित्र घेऊन निघते. आणि अप्पा बळवंत चौकात पुस्तकांना घालायला जे चिकट प्लॅस्टिक मिळतं ते तर अजिबात नको. त्याचा गोंद उन्हाळ्यात कडेनं बाहेर येतो, त्यावर धूळ बसते. ज्या जागी बॉल रोज उंचावरून त्याच ठिकाणी पडतो आणि खालचा रंग घट्ट आहे, अशा जागेला दोन बोटांचा मायलारचा तुकडा मी लावू देईन. त्याहून जास्त नाही.

न चिकटवता नुसतं वर अंथरायचं पारदर्शक आवरणही असतं, मिलिमीटरपेक्षा पातळ, सगळी भोकं कापलेलं. ते उलटवता येतं म्हणून मला फिल्मपेक्षा बरं वाटतं. पण बॉलची चाल बदलते, थोडी प्लॅस्टिकी होते. खाली कच राहिली तर तीच आत घासत बसते. तुमच्या मॉडेलचं तयार मिळालं तर बघा. स्थानिक साइनबोर्डवाल्याकडून कापून घेणार असाल तर पॉलिकार्बोनेट लेसरवर देऊ नका, कडा करपून पिवळ्या-काळ्या होतात. राउटरवर कापून घ्या. आणि काहीही अंथरायचं ते कोरड्या ऋतूत. पावसाळ्यात अंथरलंत तर ओल आत कोंडाल.

ओल हा तर आपला खरा शत्रू. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जुलैच्या सकाळी ८५ च्या वर जाते. मेपलचा पापुद्रा आडवा फुगतो, आडवा आकसतो. लॅकर वयानं ठिसूळ झालेलं, त्याला ते ताणणं जमत नाही, म्हणून लाकडाच्या रेषेला समांतर लांब भेगा पडतात. फळीत बसवलेली दिव्यांची रंगीत प्लॅस्टिकं, इन्सर्ट म्हणतात त्यांना, ती मात्र लाकडासारखी हलत नाहीत. म्हणून इन्सर्टभोवतीची काळी छापील कड आधी तुटते, मग खालचा गोंद सुटतो, मग इन्सर्ट वर येतो किंवा आत बसतो. स्टीलची पट्टी आडवी ठेवून मागून टॉर्च धरा, फट लगेच दिसते. वर आलेल्या इन्सर्टच्या कडेला बॉल दर वेळी ठेचकाळतो आणि समोरचा रंग उडवतो. सुटलेला इन्सर्ट हेअर ड्रायरनं कोमट करून, लाकडी ठोकळ्यानं समतल दाबून, खालच्या बाजूनं अराल्डाइटनं बसवायचा. फेविक्विक नको, त्याची वाफ प्लॅस्टिकवर पांढुरकी धरते.

म्हणून मशीनची जागा महत्त्वाची. पावसाचा मारा बसणारी पश्चिमेची भिंत टाळा. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. खिडकीतून थेट ऊन नको, लाल आणि पिवळे रंग आधी उडतात. झाकायला जुनी सुती साडी किंवा गोधडी, प्लॅस्टिकचं कव्हर नको, त्याखाली बुरशी येते. शंभर-दोनशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं घड्याळ मिळतं, ते कॅबिनेटमध्ये ठेवा. काटा पन्नासच्या आसपास राहिला तर उत्तम, सत्तरच्या वर जायला लागला की सिलिका जेलच्या पुड्या. आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास मशीन चालू ठेवा. दिव्यांच्या उबेनं आतली दमट हवा निघते. खेळणं हे त्यातलं सगळ्यात सोपं औषध.

दिव्यांवरून आठवलं. खालचे दिवे चव्वेचाळीस नंबरचे असतील तर सत्तेचाळीस नंबरचे घाला. दोन्ही ६.३ व्होल्टचे, पण पहिला २५० मिलिअँपिअर ओढतो, दुसरा १५०. तेवढी उष्णता कमी, इन्सर्टला आणि मागच्या काचेवरच्या चित्राला दोघांनाही. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या डायलमागे असायचे तेच हे दिवे. तपकीर गल्लीत मागताना 'रेडिओचा बायोनेट दिवा' म्हणा, पिनबॉल म्हणालात तर दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

उतारही तपासा. तुमच्या काळातल्या मशीनला साडेतीन अंशांच्या आसपास उतार हवा. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मशीनचा साडेसहा अंशांचा आकडा वाचून लोक मागचे पाय चढवतात. त्यानं बॉलला खाली ओढणारा जोर जवळपास दुप्पट होतो. खेळ वेगवान वाटतो, पण तुमचे फ्लिपर त्यासाठी केलेले नाहीत आणि फळीही नाही. मोबाइलचं लेव्हल अ‍ॅप काचेवर नको, फळीवर ठेवून बघा.

राहिल्या त्या दोन उघड्या जागा. पावसाळा संपून फळी वाळू द्या, हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. तोवर त्या जागांवर मेण लावू नका, कारण वर रंग द्यायचाय. त्या जागांवर कागदी मास्किंग टेपचा तुकडाही नको, काढताना कडा उचलेल. त्या भागात बॉल जायचाच, तेव्हा तोवर डाव कमी खेळा. मग नॅप्थ्यानं जागा पुसून, कलाकार वापरतात ते अ‍ॅक्रिलिक रंग जवळपास पाणी न घालता, शून्य नंबरच्या ब्रशनं, फक्त उघड्या लाकडावर. शेजारच्या मूळ रंगावर जाऊ नका. वाळल्यावर कलाकारांच्याच पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक व्हार्निशचे दोन पातळ हात, आठवड्यानं मेण. हा थर मऊ असतो, दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावा लागेल. चालेल.

रंग जुळवताना एक चूक सगळे करतात. एप्रनखाली न झिजलेला, उजेड न लागलेला मूळ रंग असतो, त्याच्याशी जुळवतात, आणि ठिपका गालावरच्या पावडरीसारखा उठून दिसतो. तुमच्या फळीवरचा पांढरा आता पांढरा नाही, लॅकर पिवळं पडून तो सायीच्या रंगाचा झालाय. डागाच्या अगदी शेजारच्या रंगाशी जुळवा, दिवसाच्या उजेडात, आणि पांढऱ्यात पिवळ्या मातीचा रंग ब्रशच्या टोकाएवढा मिसळून सुरुवात करा.